उंबऱ्याबाहेरची वीट

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आत्याकडे गेले तेव्हा गाडीच्या डिकीत कपड्यांच्या पिशवीशेजारी एक वीट होती. भट्टीत न भाजलेली. मातीत थोडं सिमेंट कालवून हातयंत्रात दाबलेली आणि महिनाभर ओल्या गोणपाटाखाली मुरवलेली. वजन सात किलो. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिलला पाच दिवस मातीकाम शिकायला गेले होते, तिथल्या थप्पीतून ती मागून घेतली आणि रेल्वेत मांडीवर धरून पुण्याला आणली. का, तर आत्याला दाखवायची होती. चहाच्या आधीच मी ती तिच्या हातात दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, जरा वरखाली करून वजनाचा अंदाज घेतला, अंगठा कडेवरून फिरवला, नाकाशी नेऊन वास पाहिला. मातीतलं माणूस मातीला जसं ओळखतं तशी ओळख मला तिच्या चेहऱ्यावर दिसली आणि मी मनातल्या मनात खूश झाले. मग ती उठली, दारापर्यंत गेली आणि वीट उंबऱ्याच्या बाहेर, पायरीच्या कडेला ठेवून आली. हात पदराला पुसले. "च्या टाकते," म्हणाली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर मी वीट उचलून आत ज्वारीच्या पोत्याशेजारी ठेवली. सकाळी उठून पाहते तर ती पुन्हा बाहेर, त्याच जागी, आणि तिच्यावर पाण्याची कळशी.

"भायेरच राहू दे माय तिला," एवढंच ती बोलली.

परतताना सोलापूरपासून पुण्यापर्यंत ती वीट माझ्या डोक्यात होती. मला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटण्याचं कारणही मला नीट सांगता येत नव्हतं. आत्यानं विटेला नावं ठेवली नव्हती. नको म्हणाली नव्हती. फक्त घरात घेतली नव्हती. आमच्याकडे ज्या गोष्टी घरात घेत नाहीत त्यांची यादी लहानपणापासून पाठ असते: मातीला जाऊन आलेल्याचे कपडे, स्मशानातून आणलेलं काही. त्या यादीत माझी वीट कशी गेली, हे मला कळत नव्हतं. किंवा कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

प्रश्न आजोबांच्या घराचा होता. किल्लारीपासून वीसेक किलोमीटरवर आमचं गाव. आजी-आजोबा गेल्यावर घर बंद पडलं आणि बंद घर लवकर थकतं. मागच्या पावसाळ्यात पश्चिमेची भिंत बसली. आता तिथं नवं बांधायचं हे सगळ्यांनी ठरवलं आहे. दादाला, म्हणजे माझ्या चुलतभावाला, स्लॅबचं घर हवं आहे. त्याचं म्हणणं मी कधीच उडवून लावलेलं नाही. गावात मिस्त्री स्लॅबचेच मिळतात, कर्ज स्लॅबलाच मिळतं, आणि "तू दोन दिवस येणार, राहणार मी," हे त्याचं वाक्य बिनतोड आहे. मला मातीचं घर हवं होतं. दोन वर्षं मी त्यावर वाचत होते, शिकत होते, वह्या भरत होते. घरातली सर्वांत मोठी म्हणून शेवटचा शब्द आत्याचा. आणि मला पक्की खात्री होती की आत्या माझ्या बाजूची. मातीच्या घरात जन्मलेली, वाढलेली बाई दुसरं काय म्हणणार?

आजोबांचं घर सात खणांचं. आमच्याकडे पूर्वी घर फुटात मोजत नसत, खणात मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. भिंती काळ्या दगडाच्या, इतक्या रुंद की खिडकीत मांडी घालून बसून मी गोष्टी वाचायचे. सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्यांचं किलचन, किलचनावर कडुनिंबाचा पाला आणि पाल्यावर पांढरीची माती. गावाच्या पोटातल्या जमिनीला पांढरी म्हणायचं आणि शिवाराला काळी. काळीनं पिकवायचं, पांढरीनं राहू द्यायचं. पांढरीची माती पाणी सहसा खाली सोडत नाही, म्हणून माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, तीच. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंशांची दुपार रणरणत असायची आणि ढेलजेतून आत पाऊल टाकलं की डोळे आधी आंधळे व्हायचे, मग अंगावरचा घाम गार व्हायचा. सारवलेल्या भुईला गाल लावून झोपलं की शेणाचा, ओल्या मातीचा आणि कोपऱ्यातल्या धान्याच्या बळदातल्या जुन्या ज्वारीचा असा एकच वास यायचा, तो मला पुन्हा कुठंच मिळालेला नाही. छताला साणं होतं. त्यातून उजेडाचा एक तिरपा खांब खाली उतरायचा, त्यात धुळीचे कण पोहायचे, आणि तो खांब दिवसभर भुईवरून हळूहळू सरकत राहायचा. उजेड जात्यापाशी पोचला की आजी चुलीवर चहाचं आधण ठेवायची. घड्याळ होतं घरात, पण त्याच्यावर तिचा विश्वास नव्हता.

रात्री सगळे वर माळवदावर. दुपारी तिथंच कुरडया वाळलेल्या असायच्या, त्यांचे तुकडे पाठीला टोचायचे. खालून दिवसभराची ऊब, वरून वारं.

मृगाच्या आधी आजी माळवदाला माती घालायची. आदल्या पावसात जिथं ठिबकलं असेल ती जागा तिला पाठ असायची. पांढरीवरून खणून आणलेली माती पाट्यांनी वर चढायची. शिडीवर माणसांची रांग, हातातून हातात पाटी. वर नेलेली माती पसरायची, पाणी मारायचं, चोपणीनं धपाधप चोपायची. मलाही एक छोटी टोपली असायची आणि ती रिकामी करताना मी घर बांधते आहे असंच मला वाटायचं. "आनखी येक पाटी टाक गं," आजी शेवटी हमखास म्हणायची, "रातच्याला गळलं तर कोन उटतंय?" दर वर्षी एक थर. माझ्या वडिलांच्या लहानपणी, त्यांच्या वडिलांच्या लहानपणी, दर वर्षी एक थर.

पुण्यात आमचं घर वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावल्यासारखं वाटतं. पंखा गरम हवा ढवळतो. एसी लावला की घर गार होतं आणि त्याची ऊब शेजाऱ्यांच्या खिडकीकडे जाते, शेजाऱ्यांची आमच्याकडे येते. अशाच एका रात्री झोप येईना तेव्हा आजोबांच्या घराची ती रुंद भिंत आठवली आणि मी वाचायला लागले. भिंत जाड असली की दुपारचं ऊन तिच्या पोटात शिरून आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर बाहेर गार झालेलं असतं, हे साधं गणित मला चाळिशीत कळलं. मग सिमेंटकडे वळले. चुनखडी साधारण १४५० अंशांपर्यंत तापवून सिमेंटचा गोटा तयार होतो. तेवढी आग पेटवायला कोळसा जळतो तो जळतोच, पण चुनखडी स्वतः फुटताना आपल्या पोटातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते; भट्टी उद्या उन्हावर चालवली तरी तो निघणारच. माणसं हवेत जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यातला ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटचा. हे आकडे वाचताना मला आईच्या स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी आठवली. ती फरशी आणि शहाबाद-वाडीकडच्या कारखान्यांतलं सिमेंट, दोन्ही एकाच भीमाकाठच्या चुनखडीच्या पट्ट्यातलं. फरशी नुसती थरातून सुटी केली, कापली आणि पायाखाली आली. सिमेंटला आगीतून जावं लागलं. दगड तोच, आपण त्याच्याशी कसं वागतो त्यावर त्याची किंमत ठरते, आणि ती किंमत गोणीवर छापलेली नसते.

शिवाय पाणी. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मी नातेवाइकांकडे गेले होते, घागरींच्या रांगा पाहिल्या होत्या. आणि स्लॅब टाकला की कितीतरी दिवस त्यावर पाणी मारत राहावं लागतं. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. म्हणजे माझ्याकडे भिंतीचं गणित होतं, हवेचं होतं, पाण्याचं होतं. सगळं बेरजेत बसत होतं. मी वह्या मिटल्या आणि वीट घेऊन आत्याकडे गेले.

आत्याचं सासर तेरणेच्या काठी. म्हणजे होतं.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून माणसं दमून झोपलेली. आमच्या भागात हे कुणाला सांगावं लागत नाही, त्यामुळे मीही सांगत नाही. भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली. आदल्या वर्षीपासून किल्लारीच्या बाजूला भुई गुरगुरत होती. लोक काही दिवस अंगणात झोपले, मग पुन्हा घरात झोपू लागले, कारण माणूस किती दिवस अंगणात झोपणार. आत्याचे यजमान त्या रात्री शेतात राखणीला होते. मुलगी आजोळी आमच्याकडे, गणपतीला आलेली. घरात आत्या, तिची सासू आणि चार वर्षांचा मुलगा. तिला दुपारी उकरून काढलं. तिला एकटीलाच.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आमच्या गावात भिंती तडकल्या, दोन माळवदं बसली, पण गाव जागेवर राहिलं. पुढच्या काळात सरकारच्या दुरुस्ती आणि बळकटीकरणाच्या कार्यक्रमात आजोबांच्या भिंतीला ठिकठिकाणी आरपार भोकं पाडली, त्यांत वाकवलेली सळई घातली आणि काँक्रीट भरलं. भिंतीवर जागोजागी सिमेंटचे गोल डाग राहिले, देवीच्या व्रणांसारखे. आजीला ते मुळीच आवडले नव्हते. ती दर दिवाळीला त्यांच्यावर चुना फासायची आणि संक्रांतीपर्यंत ते पुन्हा वर यायचे. ते डाग कशासाठी होते हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडची दगडी भिंत दिसायला एक, पण असते दोन: आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, आणि मधे भुगा, कपच्या, माती. दोन्ही थरांना शिवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. लांब दगड घडवायला मजुरी जास्त पडते. जमीन हलली तशी एक पाळ आत पडली, एक बाहेर. आणि वर माळवद.

माळवदाचं गणितही मी नंतर केलं, आणि ते करताना हात थांबला. अर्धा मीटर जाडीची माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे आठशे किलो. तीन मीटर बाय चार मीटरची खोली धरली तर डोक्यावर साडेनऊ टन. जुन्या घरांत थर याहूनही जाड असायचा, कारण दर मृगाला आणखी एक चढायचा. गळू नये म्हणून. म्हातारीच्या अंथरुणावर ठिबकू नये म्हणून, बाळंतिणीच्या खोलीत ओल येऊ नये म्हणून. प्रत्येक पाटी कुणीतरी जिव्हाळ्यानं वर नेलेली. ज्या घरांत लाकडाची खणाची चौकट दणकट होती आणि छत भिंतीवर नाही तर खांबांवर उभं होतं, तिथं भिंती ढासळूनही छत तोललं गेलं, माणसं वाचली. म्हणजे जुन्या लोकांना ठाऊकच नव्हतं असंही म्हणता येत नाही. पुढं सागाचं लाकूड महागलं, खांब कमी झाले, छताचं ओझं भिंतीवर आलं. माती मात्र दर वर्षी पडत राहिली.

भूकंपानंतर आत्याला नव्या गावठाणात घर मिळालं. जमिनीप्रमाणे तीन मापं होती, सर्वांत लहान २५० आणि सर्वांत मोठं ७५० चौरस फूट. तिच्या वाट्याला मधलं. सरळ रुंद रस्ते, चौकोनी प्लॉट, शहरातल्या वसाहतीसारखे. जुन्या गावात ओसरीवरून हाक मारली की समोरच्या घरातून उत्तर यायचं, इथं शेजारी रस्त्यापलीकडे गेला. घर काँक्रीटचं. ते पडणार नाही, हे त्याचं एकच काम, आणि तीस वर्षं ते त्यानं चोख केलं आहे. त्या घराला नावं ठेवायचा हक्क मला नाही. पण मार्चपासून जूनपर्यंत आत्या त्यात झोपत नाही. दिवस मावळला की खाट अंगणात, कडुनिंबाखाली. स्वयंपाक मागच्या पत्र्याच्या पडवीत. घरात ज्वारीची पोती, लोखंडी कपाट आणि फ्रेम केलेले तीन फोटो. मी एकदा बोलून गेले, "आत्या, भट्टी आहे गं ही." ती म्हणाली, "भट्टी तर भट्टी. निजलेल्यावर पडत तर न्हाई."

एवढं ऐकूनही मी वीट नेली. आज ह्याचं मला नवल वाटतं. मला वाटायचं की तिला भीती आहे ती जुन्या घराची, आणि मी तर नवं तंत्र घेऊन चालले आहे. मातीचं प्रेम हल्ली आमच्यासारख्या शहरात राहणाऱ्यांना फार येतं. पुण्याच्या आसपास डोंगरउतारावर मातीच्या भिंतींची सुंदर घरं उभी राहत आहेत, मी पाहून आले, हात फिरवून आले, एका घरात तर डोळ्यांत पाणी आलं. सेवाग्रामला बापू कुटीत गेले तेव्हा मीराबेननं भिंतीवर मातीतच उठवलेली झाडं बघत तासभर बसले. कुडाची भिंत, वर कौलं, डोक्यावर वजन नाही. माती म्हणजे असंच हलकं काहीतरी, असं तिथं बसून वाटतं. घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधींचा विचार वास्तुविशारद लॉरी बेकर आयुष्यभर सांगत आणि बांधत राहिले. मी तो माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला होता. पण आत्याच्या घरातलंही सगळं पाच मैलांच्या आतलंच होतं. दगड ओढ्यातला, माती पांढरीची, पाला दारच्या निंबाचा. तिला उकरून काढणाऱ्यांची नखं त्याच मातीनं भरली होती.

दुसऱ्या बाजूनं मला 'कच्चं घर' हा शब्दही सलतो. जनगणनेत मातीची भिंत म्हणजे कच्चं. घरकुलाची मागणी करायची तर आधी आपलं घर कच्चं आहे असं लिहून द्यायचं. पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिलेली भिंत कागदावर कच्ची होते आणि पाचव्या वर्षी गळायला लागलेला स्लॅब पक्का राहतो. कच्छमधले गोल भुंगे मातीचेच, २००१ च्या जानेवारीत भुजच्या भूकंपात आजूबाजूची दगडी आणि काँक्रीटची घरं पडली तेव्हा त्यांतले कितीतरी उभे राहिले. गोल आकार, बुटक्या भिंती, वर गवताचं हलकं छप्पर. त्यानंतर गुजरातमध्ये मातीच्या पोकळ विटांच्या भोकांतून उभ्या सळया नेऊन, वर-खाली काँक्रीटचे पट्टे बांधून घरं करायची पद्धत सरकारनं मान्य केली. म्हणजे मातीला बांधता येतं. जोत्याला एक पट्टा, दारा-खिडक्यांच्या वर एक पट्टा, कोपऱ्यात सळई, आणि छत हलकं. एवढं केलं की माती माणसाला धरून राहते. हे सगळं मी आत्याला सांगायला गेले होते. चहा पिऊन परत आले.

मे महिन्यात लग्नाला पुन्हा जाणं झालं. रात्री वीज गेली. अंगणात दोन खाटा, वर निंबाचा मोहोर, त्याचा कडूगोड वास, आणि मागं घराची भिंत दिवसभराचं ऊन अजून बाहेर टाकत असलेली. पाठीला ते जाणवत होतं. वीट पायरीपाशी होती, तिच्यावर कळशी, कळशीवर पितळी तांब्या. मी विषय काढला नाही. आत्याच बोलायला लागली, माझ्याकडे न बघता, वर फांद्यांकडे बघत.

"त्या साली मिरगात लई गळलं. सासूच्या हातरुनावर ठिबकायचं. म्हातारी रातभर परात सरकवत बसायची. आषाढात चार दीस उघडीप भेटली. मानूस रानात, पोरगं पायात. मी येकटीनं माळवदावर माती टाकली. तीन दीस. म्हातारी खालून म्हनायची, बास कर गं. मी म्हनलं, आनखी थोडी."

मी काहीच बोलले नाही.

"येकशे अठ्ठावीस पाट्या," आत्या म्हणाली.

माझ्या डोक्यात आकडा आपोआप फिरला. ओल्या मातीची एक पाटी पंधरा किलो धरली तर दोन टनांना थोडं कमी. तिच्या शेजारी खाटेवर पडून, त्या अंधारात, मी गुणाकार करत होते, आणि तसं करणं थांबवता येत नव्हतं. मग मी तिला ते सांगितलं जे मला खरंच ठाऊक होतं: की आधीचेच पाच-पन्नास वर्षांचे थर इतके होते की तिच्या पाट्यांनी काही फरक पडला नसता. भिंतच बांधलेली नव्हती, दोन पाळींना शिवणारा दगडच नव्हता, ती भिंत कशीही फुटली असती. मी आरपार दगड म्हणजे काय ते समजावू लागले.

"म्हाईत हाय मला," आत्या म्हणाली. "तवा आलेल्या इंजिनेरानं बी हेच सांगितलं. दोनदा इचारलं मी त्याला. दोनी बारीला हेच म्हनला." जराशानं म्हणाली, "पर मोजल्यात ना मी."

तीस वर्षं. तो आकडा तिनं यजमानांनाही सांगितला होता की नाही, मी विचारलं नाही. तेही गेले आता. निंबाचा मोहोर खाटेवर पडत होता, बारीक, पांढरा, आणि ती तो हातानं एका बाजूला सारत होती, सारत होती. मला त्या क्षणी विटेबद्दल काही म्हणजे काही बोलायचं नव्हतं. तिचं वजन तिनं एप्रिलमध्ये दोन्ही हातांनी घेऊन पाहिलं होतं ते का, हे मला कळलं आणि ती वीट मांडीवर धरून मी केलेला प्रवास आठवून लाज वाटली. लाज वाटली तरी माझं मत बदललं नाही, हेही लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची भिंत पुन्हा तापायला लागली आणि मला पुन्हा वाटलं, ह्या बाईला निदान एक गार दुपार मिळायला हवी. बंद दाराआड, भुईवर, गाल टेकून.

पुण्याला आल्यावर मी वहीतले सुरुवातीचे कागद बाजूला ठेवले आणि छताचं पान नव्यानं काढलं. इतके दिवस मी भिंतीतच रमले होते. भिंतीची जाडी, भिंतीचा रंग, गिलाव्यात चुना किती, गूळ-बेलफळाचं पाणी घालायचं का. छताला माझ्या वहीत दीड पान होतं. काळ्या जमिनीचाही विचार मी अर्धाच केला होता. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर मातीची भिंत उभी करायची तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल आणि जोत्याच्या पट्ट्याला सिमेंट आणि लोखंड लागणारच. लागू दे. जिथं माणूस झोपतो त्याच्या भोवतीच्या पट्ट्याला मी सिमेंट मोजणार नाही. दादाला फोन केला, त्याला म्हटलं की पट्टे तुझ्या मिस्त्रीकडूनच करून घेऊ, तो त्या कामात तयार आहे. दादा हो म्हणाला नाही, पण पहिल्यांदाच नाहीही म्हणाला नाही. म्हणाला, "आत्याला इचार."

मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

आषाढात एका सकाळी तिचाच फोन आला. पाऊस झाला, पेरणी झाली, उडीद चांगला उगवलाय, लेकीच्या पोराला ताप होता तो उतरला. बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "तुजी ईट विरगळली न्हाई गं. येवढ्या पावसात भायेर हाय. येक कोपरा जरासा झिजलाय, पागोळी पडती तिथला."

"कळशी काढलीस का तिच्यावरची?"

"कशापायी? बरूबर बसती." पुन्हा थोडं थांबून तिनं विचारलं, "तिच्यात मदून लोखंड जातंय का?"

ह्या नाही जात, पण भोकं असलेल्या तशा विटा येतात, मी सांगितलं. कोपऱ्यात उभ्या सळया येतील. पट्टा जोत्याला एक आणि दारावर एक, चारी भिंतींवरून फिरून पुन्हा जिथून निघाला तिथं येऊन मिळेल, मधे कुठं तुटणार नाही. आत्या ऐकत होती. आमच्या घराच्या भिंतीतले ते सिमेंटचे डाग तिनं मापून बघितले असणार, इतका बारीक एक प्रश्न तिनं विचारला: पट्टा खिडकीवरून जाताना खाली वाकवणार का सरळ नेणार. सरळ, मी म्हटलं.

"आन् वर?"

"वर माती नाही टाकायची, आत्या. कौलं. हलकी असतात."

"किती हलकी?"

"स्लॅबपेक्षा खूपच. माळवदाच्या तर..."

"आसं न्हाई," आत्या म्हणाली. "मोजून सांग."